व्याह्यांचा स्पेशल लॉट

खेमराजभाऊंच्या दाताखाली त्यांचाच माल आला आणि माझी सोमवारची सकाळ गेली.

मी शेडवर पोचले तेव्हा ते ऑफिसात उजव्या गालावर हात धरून बसले होते. टेबलावर घडी केलेला रुमाल, रुमालावर तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढरा तुकडा. आदल्या दिवशी गोंदियाजवळच्या गोरेगावात त्यांच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. शेडमधले आम्ही सगळे मिठाईच्या डब्याची वाट पाहत होतो आणि मालक असा चेहरा घेऊन बसलेले.

"पाहा मॅडम. वळखा, काय आहे हे?"

मी तुकडा नखाने उलटा केला. भिंगाची गरज नव्हती. "आपली टाइल आहे."

"आपली नाही," ते म्हणाले. "भट्टीवरच्या दुर्गाची."

झालं होतं ते असं. साक्षगंधाची पंगत बसली. भात व्याह्यांच्या मिलचा, म्हणजे घरचाच. व्याही टोलीरामजी स्वतः वाढायला उभे. खेमराजभाऊंनी तिसरा घास घेतला आणि कट्कन आवाज आला. दाढेचा टवका उडाला. दाताखाली आलेला तुकडा खडा समजून त्यांनी हळूच रुमालात घेतला, बाहेर नळावर जाऊन धुतला आणि बघतात तर आपलाच माल. माल कुठेही ओळखता यावा अशी त्यांची फार इच्छा होती. ती अशी पुरी झाली.

आमचा कारखाना गोंदियाच्या एमआयडीसीत आहे. राइस मिलमध्ये धान आणि तांदूळ दिवसभर पत्र्याच्या च्यूटमधून, म्हणजे तिरक्या घसरणीवरून, वाहत असतात. तांदूळ हातात मऊ लागतो, पण तो नि कोंडा मिळून लोखंडी पत्रा वर्षभरात चाळणीसारखा करतात. म्हणून च्यूटच्या आतून आम्ही सिरॅमिकच्या टाइल बसवतो. बाथरूममधल्या नव्हेत. या अॅल्युमिनाच्या असतात आणि त्यात थोडा झिर्कोनिया मिसळलेला असतो. दोन पदार्थ एकत्र, म्हणून कंपोझिट. अॅल्युमिना कडक पण ठिसूळ. झिर्कोनिया त्याला चिवटपणा देतो. मी आयुष्यभर बाहेरच्या राज्यात एका मोठ्या सिरॅमिक कारखान्यात भट्ट्या सांभाळल्या. रिटायर होऊन कुडव्याला घरी आले आणि महिनाभरात खेमराजभाऊंनी मला गाठलं. त्यांचे वडील राइस मिलवाले, ते स्वतः राइस मिलवाले. सिरॅमिकमध्ये ते आले ते स्वतःच्या च्यूटचे पत्रे बदलून बदलून वैतागले म्हणून.

"पण तांदळात गेलाच कसा हा?" मी विचारलं. "खडे काढायचं मशीन आहे, सॉर्टेक्स आहे."

"खड्याचं मशीन आधीच होऊन जाते. आपली च्यूट त्याच्या नंतर. आन् सॉर्टेक्स काय करंल? ते रंग पाहते. काळा दाणा फेकते, पिवळा फेकते." त्यांनी रुमालाकडे हात केला. "आमचा माल तांदळापेक्षा गोरा."

तेवढ्या दुखण्यातही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होताच.

टाइलचे टवके का उडाले, याचं अर्धं उत्तर मला ठाऊक होतं. च्यूट चोक झाली की मिलमधले लोक बाहेरून हातोडी मारतात. हातोडी मारू नका असं आम्ही प्रत्येक मिलला सांगतो. ते मान डोलावतात आणि मारतात. म्हणून आम्ही टाइलच अशी करतो की हातोडीचे धक्के तिने सोसावेत. बाकीच्या सगळ्या मिलमध्ये ती सोसत होती. फक्त टोलीरामजींच्या मिलमध्ये, खेमराजभाऊ काल बघून आले त्याप्रमाणे, ती फुटाण्यासारखी फुटत होती.

"भट्टी कच्ची उतरवली," खेमराजभाऊ म्हणाले. "त्या दिवशी दुर्गाले गावी जायाचं होतं. चिचगडची बस पकडाची होती. केलं असंल लवकर बंद. मी समधीजीले तिथंच सांगतलं, पंगतीत. उद्यापासून ते बाई भट्टीवर दिसनार नाही."

आमच्याकडे व्याह्याला समधी म्हणतात, आणि समध्याला पंगतीत दिलेला शब्द म्हणजे स्टॅम्पपेपरवरचा शब्द. खरी अडचण इथे होती. टाइल बदलून देता आली असती. शब्द बदलून देणं खेमराजभाऊंना जड होतं.

दुर्गा आमची फर्नेस ऑपरेटर. चिचगडची, आयटीआय झालेली, तिशीची. कुडव्यात एका खोलीत ती आणि नर्सिंग शिकणारी तिची बहीण राहतात आणि दोघींचं घर या पगारावर चालतं. सोळाशे डिग्रीची भट्टी चालवता येणं ही मोठी कला आहे, पण आमच्या जिल्ह्यात तशी दुसरी भट्टीच नाही. इथून काढलं तर ही कला घेऊन ती जाणार कुठे? मी तिला आत बोलावलं. ती आली, "जय सेवा मॅडम" म्हणाली आणि मालकांकडे बघून उभी राहिली. बातमी तिच्याआधी शेडभर पोचली होती.

"दुर्गा, गोरेगावच्या लॉटला तू काय केलं होतंस?"

"जे रोज करतो तेच. माल लावला, प्रोग्राम टाकला, स्टार्ट केलं. दुपारी शिफ्ट संपली, मंग गेली. मधात हातबी लावला नाही."

"बसची घाई होती ना?" खेमराजभाऊ.

"घाई होती तं धावली मी. भट्टीले कायले धावायला लावू?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. खेमराजभाऊ गाल धरून खिडकीबाहेर बघत बसले. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, दाढ दुखत असली तरी आला. मी म्हटलं, "भाऊ, आजचा दिवस मला द्या. टाइल काय सांगते ते आधी ऐकू."

"ऐका. पन शब्द मी देऊन बसलो आहे."

आता थोडं भट्टीबद्दल. सिरॅमिकची पावडर साच्यात दाबली की खडूसारखी टाइल होते. ती भट्टीत तापवली की कण वितळत नाहीत, पण एकमेकांना चिकटतात. मधल्या फटी बुजतात आणि टाइल आक्रसून घट्ट होते. याला सिंटरिंग म्हणतात. किती वेगाने तापवायचं, किती डिग्रीपर्यंत न्यायचं आणि तिथे किती वेळ ठेवायचं, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून. तिथे ठेवायच्या वेळेला सोक म्हणतात. आमचा सोक दोन तासांचा. कमी पडला तर फटी उरतात, म्हणजे टाइल कच्ची.

कच्ची टाइल ओळखायला मोठी लॅब लागत नाही. पेनाची शाई पुरते. फटी असतील तर टाइल शाई पिते. आमच्याकडे सुरुवातीच्या दिवसांतली एक टाइल आहे, लाइट गेल्यामुळे अर्धवट राहिलेली. ती फोडली, फुटलेल्या जागी शाईचा थेंब टाकला. पाहता पाहता डाग पसरला आणि पुसला तरी गेला नाही. मग खेमराजभाऊंनी काल टोलीरामजींच्या मिलमधून आणलेली टाइल फोडली. थेंब टाकला, थोडं थांबले आणि ओल्या फडक्याने पुसला. जागा जवळजवळ स्वच्छ झाली.

"कच्ची नाही," मी म्हटलं.

खेमराजभाऊ जवळ आले आणि स्वतः अंगठ्याने पुसून पाहिलं.

पण मला वेगळंच काही दिसलं होतं. आपल्या नेहमीच्या टाइलचा तुटलेला भाग कपबशीच्या टवक्यासारखा गुळगुळीत असतो. हिचा रवाळ होता. उजेडाकडे धरला की साखरेसारखा बारीक चमकत होता. भिंगाखाली तर प्रश्नच उरला नाही. कण वाढले होते. चांगलेच वाढले होते.

"भाऊ, कमी नाही, ही जास्त भाजली आहे. दोन तासांच्या कितीतरी वर."

खेमराजभाऊंचा हात गालावरून खाली आला. चेहरा उजळला. "मंग? मी काय म्हनतो? माल कच्चा कसा राहील? मी सोता मुरवला ना."

दुर्गाने मालकांकडे वळून पाहिलं.

"तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"समधीचा माल होता, मॅडम. पैलाच ऑर्डर, पोरीचं लग्न जुळून राहिलं. आपलं बाकी गिऱ्हाईक अन् समधी एकच का? दुर्गा गेली, मंग मी आलो. भट्टीले अगरबत्ती लावली, होल्डचं बटन दाबलं आन् बसलो पेपर वाचत. संध्याकाळ होऊ देली. मंग सोडलं." ते माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते. "कोनाले सांगतलं नाही. घरची गोष्ट."

होल्ड म्हणजे कंट्रोलरवरचं बटण. ते दाबलं की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि भट्टी त्याच उष्णतेवर तापत राहते. कोणी, कधी दाबलं याची नोंद ठेवायची सोय कंट्रोलरला वेगळी मिळते. ती घ्या म्हणून मी दोनदा म्हटलं होतं. ती कशाला लागते, असं मालकांनी मला दोनदा विचारलं होतं. त्या लॉटच्या वेळी मी नागपूरला भाचीकडे होते. माल घरचाच म्हणून तो न तपासता गोरेगावला गेला.

"आणि हे मुरवणं कुठून सुचलं?"

"अरे, उसन्याचं तंत्र आहे हे! पिढ्यांचं."

उसना तांदूळ आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. धान भिजवतात, वाफ देतात, वाळवतात आणि मग कांडतात. वाफ दिलेला दाणा टणक होतो, मिलमध्ये तुटत नाही. खेमराजभाऊंचं बालपण त्या वाफेच्या टाकीजवळ गेलं. दाण्याला वाफ दिली की दाणा मजबूत, तर टाइलला आच दिली की टाइल मजबूत. आणि व्याह्याच्या टाइलला जास्त आच दिली की जास्त मजबूत. या तर्कात मला एकही भोक सापडलं नाही, फक्त टाइल फुटत होती.

मी शिकवायला सुरुवात केली. भट्टीत जास्त वेळ ठेवलं की मोठे कण लहान कणांना गिळून फुगतात. लहान कणांच्या विणीतून तडा सहज जात नाही, वळसे घेत जातो. मोठ्या कणांतून सरळ पळतो. झिर्कोनियाचं तर त्याहून नाजूक. त्याचे बारीक कण टाइलमध्ये दबून बसलेले असतात. तडा जवळ आला की ते फुगतात आणि तड्याला चिमटीत धरतात. टाइलचा चिवटपणा तो हाच. पण हेच कण फार वाढले तर तडा येईपर्यंत थांबत नाहीत. भट्टी निवतानाच फुगतात आणि आतल्या आत बारीक तडे पाडून ठेवतात.

"म्हणजे असं बघा," मी म्हटलं, "लग्नात फुफाजी असतात ना? कोणी काही बोललं की रुसतात. ते चालतं, त्यासाठीच त्यांना बोलावलेलं असतं. पण मांडवात पाय ठेवायच्या आधीच रुसले तर?"

"तं लगन बिघडते," दुर्गा म्हणाली.

खेमराजभाऊ गंभीर झाले. ते स्वतः तीन घरांत फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, आहेत. "साइन्स तुमचं बरोबर असंल, मॅडम. पन दाणा आमाले समजते. टणक झाली का नाही टाइल? कानस घासून पाहा, ओरखडा येत नाही."

"टणक आहेच. टणक आणि मजबूत एक नाही. काच टणक असते."

"मंग दाखवा. किलो न् मेगा-फिगा सांगू नका. मले धानात सांगा."

ते बोलून गेले आणि माझी सोय झाली. प्रत्येक लॉटबरोबर आम्ही भट्टीत थोड्या टेस्ट पट्ट्या ठेवतो, पेन्सिलीएवढ्या लांब आणि तिच्यापेक्षा बारीक. गोरेगावच्या लॉटच्या पट्ट्या डब्यात तशाच पडून होत्या. दोन स्टुलं जवळ ठेवली, त्यांच्या कडांवर पट्टी आडवी ठेवली, मधोमध तारेचा आकडा अडकवला आणि आकड्याला रिकामी बादली. खाली जुनं पोतं, पट्टी तुटली तर बादली आपटू नये म्हणून. खेमराजभाऊंनी आपल्या मिलच्या गोडाऊनमधून धानाचं कट्टं, म्हणजे पोतं, मागवलं. काम सोडून सगळे गोळा झाले. नागपूरच्या लॅबमध्ये हीच टेस्ट एसीत होते आणि तिथे कोणी बघायला येत नाही.

"दुर्गाबाई, तू टाक," मी म्हटलं. "सावकाश, एकसारखं."

आधी रोजच्या लॉटची पट्टी. दुर्गा सुपाने धान सोडत राहिली. बादली पाव झाली, अर्धी झाली. पट्टी हलली नाही. बादली गच्च भरली, वर शीग लागली, दाणे बाहेर ओघळायला लागले. पट्टी तशीच. आता ती तोडायला आणखी कुठे धान टाकायचं हेच कळेना, म्हणून थांबलो.

"आता माझा स्पेशल," खेमराजभाऊ म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी ठेवली. दोनदा सरळ केली.

दुर्गाने तितक्याच सावकाश धान सोडलं. माझ्या मते तर तिने जास्तच सांभाळून सोडलं. बादली अर्धी व्हायची होती, तेवढ्यात टिक् झालं आणि बादली पोत्यावर बसली.

खेमराजभाऊ खाली वाकले. दोन्ही तुकडे उचलून उजेडाकडे धरले, साखर चमकताना पाहिली.

"दुसरी ठेव," ते म्हणाले.

दुसरी ठेवली. ती थोडी आधीच गेली.

"भाऊ," मी हळूच विचारलं, "उसन्यात वाफ फार झाली तर काय होतं?"

त्यांनी हातातले तुकडे स्टुलावर ठेवले. "साल फुटते," ते म्हणाले. "दाणा बाहेर येते. भाव राहत नाही त्याले." मग स्वतःशीच म्हणाले, "बाबूजी तं टाकीजवळ कोनाले फिरकू देत नव्हते. मलेबी."

आता प्रश्न दुर्गाचा होता. मला रिपोर्ट लिहायचा होता आणि त्यात कारण लिहावं लागतं. मी म्हटलं, "भाऊ, मी खरं तेच लिहीन. पण कागदाने भागणार नाही. तुम्ही नाव पंगतीत घेतलंय."

दुर्गा सूप हातात धरून उभी होती. रिकामं सूप ती उगाच पाखडत होती. खेमराजभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गोळा झालेल्या सगळ्यांकडे पाहिलं. तुम्ही कामाला लागा, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. तो त्यांनी मुद्दाम चालू केला हे मला मान्य करावंच लागेल.

"राम राम समधीजी."

"राम राम. दाढ कशी आहे?"

"दाढ सोडा. काल मी आमच्या दुर्गाबाईचं नाव घेतलं होतं, सगळ्यांसमोर. तिचा काही दोष नाही. ते भट्टीवरच राहील."

"असं? मंग कोनाचा दोष?"

"माझा. तुमचा माल म्हनून मी जास्त मुरवला. जास्तीनं बिघडला."

पलीकडून टोलीरामजींचं हसू ऐकू आलं, आधी दबलेलं, मग मोकळं. "म्हनजे मानपान जास्त झाला म्हनून दाढ तुटली?"

"हो."

"मंग लग्नात जरा बेतानं करा, समधीजी. आमाले सगळ्यांले दात आहेत अजून."

शेडमध्ये सगळे हसले. खेमराजभाऊही हसले आणि लगेच गालावर हात ठेवला. फोन बंद करून ते दुर्गाला म्हणाले, "सकाळी बोललो ते चुकलं माझं." ती म्हणाली, "पंगतीतबी चुकलंच होतं." ते म्हणाले, "तेबी." मग ती सूप ठेवून टाइल दाबायच्या प्रेसकडे गेली. नंतर पाण्याच्या टाकीजवळ मी तिला पाहिलं. चेहरा धूत होती आणि बराच वेळ धूत होती. मी तिकडे गेले नाही.

गोरेगावच्या सगळ्या टाइल काढल्या आणि नवा लॉट धरला. टाइलला रंग द्या, म्हणजे निदान सॉर्टेक्स पकडेल, असं मी सुचवलं. मालकांना माल गोराच हवा आहे, ते बोलणं अजून चालू आहे. कंट्रोलरची नोंद ठेवायची सोय मात्र न मागता आली. होल्डच्या बटणाला कोड लावला आणि कोड ठरवायचं काम दुर्गाला दिलं. तो मलाही माहीत नाही.

माझ्या धंद्यात माल बिघडला की काय कमी पडलं ते आधी शोधतात. कोणी काय जास्त घातलं हेही विचारून घ्यावं, असं मी आता म्हणते. बहुतेक वेळा ते मालकानेच घातलेलं असतं, आणि प्रेमाने.

नवा लॉट भट्टीत होता त्या दुपारी मी तिथेच होते. सोकचे दोन तास संपत आले होते. खेमराजभाऊ आले, अगरबत्ती लावली, हात मागे बांधून कंट्रोलरसमोर उभे राहिले. आकडे बघत राहिले. मग इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "दुर्गाबाई, जरासं? दहाच मिनिटं?"

"नाही."

"समधीचा माल आहे ना."

"म्हनूनच नाही," दुर्गा म्हणाली आणि भट्टी निवायला लागली.